डोंबिवली ते माथेरान, गाडी न काढता

माझ्या अटी सरळ होत्या. विमान नाही, स्वतःची गाडी नाही, आणि सकाळी घरातून निघालं की जेवणाच्या वेळेला मुक्कामी पोचायचं. नवरा म्हणाला, "म्हणजे बदलापूर!" त्याचा नेम फार चुकला नव्हता. बदलापूरनंतर वांगणी, मग शेलू आणि मग नेरळ. नेरळच्या डोक्यावर माथेरान.

2024 ची दिवाळी. त्याआधीच्या सुट्ट्या आम्ही रीतसर लांब जाऊन घालवल्या होत्या. त्यातली मनाली मला चांगली लक्षात आहे, कारण तिथल्या घाटात आम्ही अर्धा दिवस पुढच्या गाडीची नंबरप्लेट बघत बसलो होतो. शुद्ध हवा खायला दीड-दोन हजार किलोमीटर जायचं आणि पोचल्यावर डिझेलचा धूर खायचा, वर त्याचे हप्ते फेडायचे. या वेळी मी म्हटलं, बास. सासूबाईंचे गुडघे हेही एक कारण होतं. चौदा तासांचा प्रवास त्यांना आता झेपत नाही, आणि त्यांना सोडून जाणं मला पटत नाही.

माथेरान निवडण्यामागे माझा एक हिशेब होता. 'इको' अशी पाटी लावलेली रिसॉर्टं कर्जतच्या आसपास पायलीला पन्नास आहेत. पाटी इको, आणि आत तरणतलाव, डीजे, पार्किंगला शंभर गाड्या. माथेरानमध्ये निदान एक गोष्ट मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. 2003 साली केंद्र सरकारने हा सगळा डोंगर आणि भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, आणि पर्यटकाची गाडी आजही दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथून पुढे रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि हल्ली मोजक्या ई-रिक्षा. बाकी सगळं पायांनी, घोड्याने, नाहीतर माणसाच्या खांद्यावरून.

राहायची जागा शोधायला चार ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच प्रश्न विचारला, "खोलीत पाण्याच्या बाटल्या ठेवता का?" बहुतेकांना वाटलं मला त्या हव्या आहेत. "हो मॅडम, रोज दोन फ्री." एका जुन्या बंगलीवजा लॉजचे मालक मात्र हसले. म्हणाले, "ताई, भरलेली बाटली वर आणायला हमाली आणि रिकामी खाली धाडायलाही हमाली. तुम्हाला तांब्या-भांडं चालणार असेल तर माझेच पैसे वाचतील." तिथेच खोली ठरवली. मधल्या वारांना भाडं जवळजवळ निम्मं. गरम पाणी सकाळी ठरावीक वेळेत, बादलीतून. जेवण आदल्या जेवणाला सांगायचं, म्हणजे तेवढंच रांधलं जातं. नवऱ्याने विचारलं, "एसी?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. नोव्हेंबरात आठशे मीटर उंचीवर एसी.

सामानाचा नियम मी असा केला की ज्याची पिशवी त्याने उचलायची. हमाल मिळतात, पण बरोबर काय घ्यायचं हे ठरवताना तो विचार बाजूला ठेवायचा. लेकीने बुटांचे तीन जोड काढले होते, त्यातला एक राहिला. सासूबाईंनी पोळ्या आणि लसणाची चटणी स्टीलच्या डब्यात घेतली, प्रत्येकाला आपापली पाण्याची बाटली, आणि एक रिकामी कापडी पिशवी कचऱ्यासाठी. ही पिशवी बघून नवरा म्हणाला, "आपण माथेरान झाडायला चाललोय का?"

सकाळी डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडायची यात एक गंमत आहे. ज्या फलाटावर मी एरवी रोज मुंबईच्या दिशेने लढाई करते, त्याच्याच समोरच्या फलाटावरून उलट दिशेची गाडी निम्मी रिकामी जाते. चौघांना खिडक्यांजवळ जागा. अंबरनाथ सुटलं की इमारती विरळ होतात, वांगणीच्या पुढे भाताची खाचरं, कुठे कापणी झालेली, कुठे भारे रचलेले. तिकिटाचे पैसे स्टेशनाबाहेरच्या चहा-वडापावपेक्षा कमी.

नेरळला आमच्या बेतात पहिला खडा लागला तो झुकझुक गाडीचा. दोन फुटी रुळांवरची ही गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून उभी राहिली आणि 1907 पासून धावते आहे. मधे मधे थांबलीही भरपूर. 2005 च्या जुलैच्या पुराने मार्ग वाहून गेला, 2016 मध्ये डबे घसरल्यावर बंद, पुन्हा सुरू, 2019 च्या पावसात पुन्हा बंद, आणि नेरळपासून वरपर्यंतची गाडी परत सुरू व्हायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला. दर पावसाळ्यात खालचा टप्पा थांबवतातच. आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच पुन्हा सुरू झाली होती, आणि तिकिटं खिडकीवर, थोडीच. रांगेत आमच्या पुढे काहीच माणसं उरली असताना खिडकीतून हात हलला, संपली म्हणून.

मग सहा आसनी टॅक्सी. शेअर करून, चारजण आम्ही आणि ठाण्याचं एक नवं जोडपं. चढ असा की ड्रायव्हरने पहिल्या गिअरमधून हात काढला नाही. लेक कुजबुजली, "आई, ही चालते का तुझ्या नियमात?" माझ्या अटीत स्वतःची गाडी नव्हती. टॅक्सीबद्दल मी काही बोललेच नव्हते, आणि कायद्याच्या अशा फटीतूनच तर सगळा देश चालतो.

दस्तुरीला उतरताक्षणी माणसं अंगावर आली. शटल बंद आहे, रस्ता दोन तासांचा आहे, आजी चालू शकणार नाहीत, घोडा घ्या, सात पॉइंट दाखवतो. शटल म्हणजे अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात धावणारी झुकझुक गाडी. आम्हाला आधीच माहीत होतं की अमन लॉज स्टेशन तिथून चार पावलांवर आहे आणि गाडीचा भोंगा तर तिथवर ऐकू येत होता. शटल व्यवस्थित चालू होती. घोडेवाल्यांवर माझा राग नाही, त्यांचंही पोट हातावर आहे, पण ही थाप गावालाच महागात पडते. 2025 च्या मार्चमध्ये पर्यटकांच्या याच फसवणुकीविरुद्ध माथेरानकरांनी बंद पाळला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. जाणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवावं की प्रवेशाची पावती फाडली की सरळ स्टेशन गाठायचं, खिडकीवर स्वतः विचारायचं.

सासूबाई आणि नवरा शटलने गेले. लेक आणि मी चालत निघालो. आणि त्या वाटेवर मला जे दिसलं त्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

आपल्या गावात दूध, भाजी, गॅस, सिमेंट कसं येतं हे आपण बघत नाही. पहाटे टेम्पो येतो, सामान उतरतं, संपलं. दस्तुरी ते बाजारपेठ या रस्त्यावर ते सगळं तुमच्या शेजारून चालत असतं. एका हातगाडीवर लाल सिलिंडर आडवे रचलेले, पुढे एक माणूस दांडा धरून, मागे दोघे खांदा लावून. चढ आला की मागचा पाय तिरका रोवायचा, गाडी रेटायची, पुढच्याने चाकाखाली दगड सरकवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा रेटायची. त्यांच्या पाठीवर लाल मातीचा आणि घामाचा चिखल झालेला. त्यामागून घोडा, दोन्ही बाजूंना कांद्याची पोती. मग एक बाई, डोक्यावर अंड्यांचे ट्रे, चुंबळीवर असे बसवलेले की हात लावायची गरज नाही. आणि मग थर्माकोलच्या खोक्यात आईस्क्रीम नेणारा पोरगा, तो मात्र पळत होता.

लेकीने एकदा थांबून विचारलं, "म्हणजे आपण इथे गरम पाण्याने आंघोळ केली तर ते सिलिंडर असे येतात?" हो, असेच. आमच्या लॉजवर रात्री मालकांनी याचाच हिशेब सांगितला. नेरळच्या बाजारातली कुठलीही वस्तू वर येईपर्यंत तिला दोनदा हमाली लागते, टॅक्सी-टेम्पोत चढवताना आणि दस्तुरीपासून पुढे. म्हणून इथे ताटात टाकलेलं त्यांना बघवत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात उरलेल्या भाताची सकाळी थालीपिठं झाली होती, आणि आम्हाला ती वेगळी म्हणून वाढली नव्हती, नेहमीची म्हणूनच वाढली होती. चांगली खुसखुशीत होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना शार्लोट तलाव आणि पिसारनाथाचं देऊळ बघायचं होतं. तिथवर चालणं त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. ई-रिक्षा होत्या मोजक्या, त्यांचा मार्ग ठरलेला, दस्तुरी ते गावापर्यंत. राहता राहिली हातरिक्षा, पुढे एक ओढणारा, मागे ढकलणारे. सासूबाई बघूनच मागे सरकल्या. "माणसाने ओढायचं आणि मी वर बसायचं? देवदर्शनाला? मला नाही जमायचं."

रिक्षावाला पन्नाशीचा असेल. तो अजिबात ओशाळला नाही. "आजी, तुम्ही बसला नाहीत तर मी काय ओढू? रिकामी ओढली तर पैसे कोण देईल?" मग पुढे म्हणाला, "आम्हालाच बॅटरीची रिक्षा पाहिजे. आमचीच संघटना कोर्टात गेलीय त्यासाठी." ते खरं होतं. ई-रिक्षाची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली ती हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच. 2022 च्या डिसेंबरात चाचणी म्हणून पहिल्या ई-रिक्षा धावल्या. घोडेवाल्यांना त्यात आपला धंदा बुडताना दिसतो आणि काही पर्यावरणवाल्यांना भीती वाटते की आज तीन चाकं आली, उद्या चार येतील. दोघांचंही चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. पण पर्यावरण राखायचं म्हणून एका माणसाने दुसऱ्याला आयुष्यभर चढावर ओढत राहायचं, ही किंमत कुणी ठरवली? 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळवून द्या, असा आदेश दिला. ती बातमी सासूबाईंनीच मला पेपरातून वाचून दाखवली.

त्या दिवशी त्या शेवटी बसल्या. अर्ध्या वाटेवर सपाट जागा आली की उतरून चालायच्या, चढ लागला की रिक्षावालाच दटावून बसवायचा. देवळापाशी पोचेपर्यंत दोघांनी एकमेकांच्या सगळ्या सोयरिका काढल्या होत्या. पैसे ठरल्यापेक्षा किती जास्त दिले ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

दुपारी सगळे झोपले की मी एकटी रानातून हिंडायचे. पॉइंट बघायची मला हौस नाही. लुइझा, एको, पॅनोरमा, एकापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, कठड्याला टेकून फोटो, मक्याचं कणीस. त्यापेक्षा दोन पॉइंटांच्या मधलं रान चांगलं. जांभूळ, हिरडा, अंजनी, वर फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की भर दुपारी पायाखाली ऊन नाही. आणि शेकरू. आधी आवाज येतो, कुणी दातांत खुळखुळा धरून हलवावा तसा, मग वीस-पंचवीस फुटांवर तांबूस शेपूट लोंबताना दिसते. लेकीला मी ओळखायला शिकवलं ते घरटं, फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा मोठा गोळा. एकदा दिसायला लागली की मग सगळीकडे दिसतात. आपल्या राज्याचा हा प्राणी बघायला भीमाशंकरलाच जावं लागतं असं नाही.

माकडांची गोष्ट वेगळी. ती आता जंगलाची राहिलेलीच नाहीत. वेफरच्या पाकिटाचा आवाज झाला की छपरावरून उतरतात. आमच्या समोर एका बाईच्या हातून कोल्ड्रिंकची बाटली नेली, झाकण दाताने काढलं आणि प्यायलं. लोक व्हिडिओ काढत होते. एको पॉइंटच्या कठड्याखाली वाकून पाहिलं तर प्लास्टिक उतारावर पसरलेलं. गाड्या बंद केल्या म्हणजे सगळं झालं असं नव्हे. शनिवार-रविवारी हजारोंनी माणसं चढतात आणि प्रत्येकाच्या हातात एक पाकीट असतं. मातीच्या वाटांवर फरसबंदीचे ठोकळे (पेव्हर ब्लॉक) बसवण्याचा वादही तसाच. दस्तुरीपासून गावापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ते समजू शकते, पावसात ती लाल माती घोड्यांच्या टापांनी लोण्यासारखी वाहून जाते. पण आतल्या पायवाटांवर ठोकळे नकोत. आणि एक खरं सांगून टाकते, कोरड्या दिवसांत ती लाल धूळ आणि वाळलेली लीद मिळून नाकात जी बसते, तिचं वर्णन कुठल्याही पर्यटनाच्या पत्रकात नसतं. दम्याचा त्रास असेल तर मुखपट्टी जवळ ठेवा.

बाजाराच्या कडेला एक ठाकर बाई पानावर उकडलेले करांदे विकायला बसायची. शहरातल्या मुलांना हा कंद माहीतच नाही. साल सोलायची, आत पिवळसर गर, बरोबर मीठ. किंचित कडवट, मग मागून गोडसर. सासूबाईंनी बघितले आणि तिथेच बसकण मारली. त्यांचं माहेर पेणकडचं. "कार्तिकात आमच्याकडे राखेत उकडायचे म्हणजे कडूपणा जातो," असं त्यांनी सांगितल्यावर त्या बाईने आपल्यालाही तेच माहीत आहे अशा अर्थाने पदर तोंडाला लावला. चिक्कीच्या दुकानांच्या रांगेत शंभर माणसं आणि इथे आम्ही तिघी. पुड्यासाठी पान, पिशवीसाठी आमचाच डबा. आमच्या सबंध सुट्टीत याहून कमी कचऱ्याचं खाणं दुसरं झालं नाही.

बाजारपेठेतच हुतात्मा भाई कोतवालांचं नाव भेटतं. याच गावात 1912 साली जन्मले, वकील झाले, आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर मारले गेले. मला ते शाळेत असल्यापासून ठाऊक. पण माथेरानला आलेल्या माणसांपैकी कितीजण तिथे थांबत असतील? त्या वेळी तरी आमच्याशिवाय कुणी थांबलं नाही.

परतीचा रस्ता हा माझा हट्ट. सासूबाई आणि नवरा शटल आणि टॅक्सीने नेरळला उतरणार, आणि लेक आणि मी गार्बेटच्या बाजूने पायी भिवपुरी रोड स्टेशनला. नकाशात वाट ठळक दिसते, पण गवत वाढलेलं असतं आणि ढोरवाटा फुटतात, म्हणून लॉजमालकांच्या ओळखीने खालच्या वाडीतला एक मुलगा बरोबर घेतला. त्याने दोन गोष्टी आधीच बजावल्या, पाणी भरपूर घ्या आणि सकाळी लवकर निघा, पठारावर सावली नाही.

गार्बेट पॉइंटपासून उतरण सुरू होते ती झाडीतून, ओलसर दगडांवरून. तिथे मी बरेचदा बसून उतरले, लेकीने त्याचे फोटो काढले आहेत, ते इथे देणार नाही. मग एकदम मोकळं पठार, कमरेएवढं सोनेरी पडलेलं गवत, डावीकडे माथेरानचा कडा, समोर खाली पाली-भूतिवलीच्या धरणाचं पाणी. पोरगा चालता चालता सांगत होता. त्याच्या वाडीतली माणसं रोज पहाटे हा डोंगर चढून वर कामाला जातात, हॉटेलांत, हमालीला, घोड्यांमागे, आणि संध्याकाळी उतरतात. आम्ही ज्याला ट्रेक म्हणत होतो ती त्याच्या आईची कामावर जायची वाट. वाडीत त्यांच्या ओटीवर बसलो, तिने माठातलं पाणी आणि गुळाचा खडा दिला. पैसे द्यायला गेले तर मुलाच्या हातात द्या म्हणाली. त्याची ठरलेली मजुरी आणि वर पाण्याचे, असे दिले.

खाली पोचायला ऊन चांगलंच चढलं. धरणाच्या बाजूने सपाट चालणं कंटाळवाणं, गुडघे बोलायला लागलेले, आणि स्टेशन दिसल्यावरही ते जवळ येत नव्हतं. कर्जतकडून येताना भिवपुरी रोड हे नेरळच्या आधीचं स्टेशन, म्हणजे मुंबईकडे जाणारी कर्जतची गाडी आधी आम्हाला आणि मग नेरळला त्या दोघांना घेणार. फोनवर गाडी ठरवली, डबा ठरवला. आम्ही दोघी चढलो, सामान फळीवर टाकलं, नवरा आणि सासूबाईंसाठी दोन जागा धरून ठेवल्या. नेरळला बघतो तर फलाटावर ही गर्दी. नवरा त्यांना घेऊन पुढच्या डब्यात चढला, त्या दोन्ही जागांवर बदलापूरला जाणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली बसल्या, आणि डोंबिवलीच्या पुलावरच आमची चौघांची गाठ पडली.

कचऱ्याची पिशवी नवऱ्याच्याच खांद्याला होती. औषधाच्या पट्ट्या, बिस्किटाचे दोन पुडे, टॅक्सीतल्या जोडप्याने सीटवर सोडून दिलेली बाटली. घरी येऊन सुक्या कचऱ्याच्या डब्यात गेली. आता सासूबाईंच्या भिशीतल्या बायकांना माथेरानला जायचं आहे, मधल्याच वारी, आणि झुकझुक गाडीच्या खिडकीवर पहाटे जाऊन रांगेत कोण उभं राहणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे.